नववीच्या वर्गाला जागा

चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढला की शाळांच्या पाट्या बदलतात. घाटावर मोठ्या गावांतून 'जिल्हा परिषद प्रशाला' अशी पाटी दिसू लागते, म्हणजे दहावीपर्यंतची सरकारी शाळा. घाटाखाली आमच्या खानदेशात तशी पाटी शोधावी लागते. इथे हायस्कूल असते ते अमुक शिक्षण प्रसारक मंडळाचे, नाहीतर तमुक एज्युकेशन सोसायटीचे. कारण जुने आहे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत माध्यमिक शाळा मुख्यतः सरकारने चालवल्या आणि पुढे त्या जिल्हा परिषदांकडे आल्या. खानदेशात इंग्रज सरकारने मोठ्या गावी एखादे हायस्कूल काढून हात झटकले. बाकीची लोकांनी उभी केली. गिरणीवाल्याने देणगी दिली, कापसाच्या अडत्याने दिली, कुणी मळ्याचा तुकडा लिहून दिला, वकिलाने संस्थेची घटना फुकट तयार करून दिली.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. अमळनेरला प्रतापशेठांच्या दानातून नावारूपाला आलेल्या हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिकवले, छात्रालय सांभाळले, १९२८ मध्ये मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढले. गुरुजींचे छात्रालय आपण भक्तिभावाने आठवतो, पण छात्रालय लागले कशाला, हे विचारत नाही. शाळा एक आणि मुले पंचक्रोशीतली, म्हणून लागले. घराजवळ हायस्कूल नाही म्हणून मूल अडत असेल तर त्याच्या निजण्या-जेवण्याची सोय हायस्कूलजवळ करा, हे त्या पिढीने काढलेले उत्तर होते. साधने तुटपुंजी होती, पण प्रश्न आपला आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

लोकांनीच हायस्कुले काढल्याचा दुसराही एक परिणाम झाला, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. सरकारला सवय लागली. प्राथमिक शाळा आमची, हायस्कूल तुमचे. आम्ही मान्यता देऊ, पगार देऊ, तपासणी करू, अशी वाटणी मनात पक्की झाली. जिल्हा परिषदेत दोन शिक्षणाधिकारी बसतात, एक प्राथमिकचे आणि एक माध्यमिकचे. माध्यमिकच्या टेबलावर मान्यतेचे प्रस्ताव येतात, पटावरून शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता येते, पगारबिले येतात, संस्थेतल्या भांडणाच्या तक्रारी तर ढिगाने येतात. पण शहराबाहेर नवी वस्ती झाली, चार-पाच वर्षांत तिथली शेकडो मुले नववीच्या वयाला येणार, त्यांचे वर्ग कुणी बांधायचे, या प्रश्नाला उत्तर देणे ज्याचे काम आहे अशी खुर्ची जळगावला नाही आणि धुळ्यालाही नाही. नगरपालिका म्हणते, आमच्याकडे प्राथमिक. सरकार म्हणते, संस्थेने प्रस्ताव द्यावा. संस्था म्हणते, अनुदान मिळणार असेल तर देऊ. आणि मूल तोवर आठवी पास होते.

आठवी पास होणे ही आपल्याकडे मोठी अवघड जागा आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला; तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क देतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, असे नियमात आहे. नववीपासून कायदा गप्प. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी, असे केंद्राच्या माध्यमिक शिक्षा अभियानाने म्हटले होते. पण ते योजनेचे उद्दिष्ट होते, ते पुरे झाले नाही म्हणून कुणी कोर्टात दाद मागू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षे असे शब्द आहेत. धोरण म्हणजे कायदा नव्हे. दुसरीकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांपर्यंत कामाला बंदी, चौदा ते अठराला फक्त धोक्याची कामे बंद. आता हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. शाळेचा हक्क ज्या वाढदिवशी संपतो त्याच वाढदिवशी मजुरीची मुभा सुरू होते. मुलीच्या लग्नाला कायद्याने अजून चार वर्षे असतात. ही चार वर्षे तिने कुठे काढायची, याबद्दल आपण, म्हणजे समाज आणि सरकार मिळून, काहीच ठरवलेले नाही.

ती कुठे काढली जातात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ च्या आकड्यांत दिसते. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आहे. धुळे जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के आहे. जळगावचे प्रमाण धुळ्याहून कमी, तरी राज्याच्या सरासरीच्या वर. हुंडा, गरिबी, इज्जतीची भीती, सगळी कारणे मला मान्य आहेत. पण एखाद्या बापाला विचारून पाहा. 'पोरगी घरी बसून होती' हे वाक्य लग्नाच्या कारणांत हमखास येते. घरी का बसून होती? आठवीनंतर शाळा लांब होती. एवढ्या मोठ्या सामाजिक रोगाचे एक कारण वर्गखोलीइतके साधे असू शकते हे आपल्याला पटत नाही, कारण ते पटले तर बांधावी लागेल ना!

माझे म्हणणे असे की नववी-दहावीची जागा ही नळाच्या पाण्यासारखी सार्वजनिक गोष्ट मानली पाहिजे. ती संस्थाचालकाची कृपा नाही, बापाच्या ऐपतीचा प्रश्न नाही, आणि मुलीच्या धाडसाची परीक्षा तर मुळीच नाही. हे मान्य केले की पुढचे वाद सोपे होतात. 'जागा नाही' हे उत्तर तर फारच लवकर उघडे पडते.

जळगाव शहर २००१ मध्ये ३ लाख ६८ हजारांच्या आसपास होते, २०११ मध्ये ४ लाख ६० हजार झाले. धुळे ३ लाख ७५ हजारांवर गेले. त्यानंतर शिरगणतीच झालेली नाही. २०२१ ची राहिली आणि पुढची १ मार्च २०२७ या दिवसाला धरून व्हायची आहे. म्हणजे शाळांचा विचार करायचा झाला तरी हाताशी जुनाच आकडा. शहर मात्र थांबलेले नाही. जळगावात पिंप्राळा, मेहरूण ही कधीकाळची गावे शहराच्या पोटात गेली आणि त्यांच्याही पुढे, निमखेडी, खेडी, कुसुंबा, सावखेड्याच्या बाजूंना केळीचे आणि कापसाचे वावर एनए होऊन प्लॉट पडत गेले. धुळ्यात पांझरेपलीकडे देवपूर, देवपूरच्या पुढे वलवाडी. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, नकाणे, अवधान अशी गावे महापालिकेत आली. गाव शहरात आले की घरपट्टी लगेच शहराची होते. हायस्कूल शहराचे व्हायला किती वर्षे लागतात, याचा नियम नाही.

जुनी नामांकित हायस्कुले जुन्या गावातच राहिली, ते साहजिकच आहे. ज्यांनी ती बांधली त्यांच्या वेळी शहर तेवढेच होते. आज त्यांच्या एकेका वर्गात मुले दाटीवाटीने बसतात आणि जूनमध्ये प्रवेशासाठी चिठ्ठ्या-चपाट्या चालतात. अंतर नकाशावर मोजले तर फार नसते. चार किलोमीटर, पाच किलोमीटर. पण जळगावच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो, पूर्वीचा सहा क्रमांकाचा. समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी कृती समिती काढली, आंदोलने केली, ती हौस म्हणून नव्हे. त्या रस्त्यावर माणसे मरत होती. सायकलवरच्या तेरा वर्षांच्या मुलीला त्या रस्त्यापलीकडची शाळा किती किलोमीटरवर असते? रुळांपलीकडच्या शिवाजीनगरचा जुना उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडला, नवा वापरात यायला काही वर्षे गेली. तेवढ्यात एखादी मुलगी आठवीतून दहावीत जाते, किंवा जात नाही. अंतराचे नियम किलोमीटरमध्ये लिहिणाऱ्यांनी एकदा शाळेच्या वेळेला महामार्ग ओलांडून पाहावा.

आता 'जागा नाही' याकडे येऊ.

शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा त्यात शाळेसाठी, मैदानासाठी भूखंड आरक्षित असतात. कागदावर जागा असते. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठते. मालकाला दोष देता येत नाही. दहा वर्षे त्याची जमीन अडकवून ठेवणे हाही अन्यायच. दोष आहे तो दहा वर्षे झोपलेल्यांचा. आरक्षण उठल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या चार ओळींत एक हायस्कूल गेलेले असते. कॉलनीत कुणाला पत्ता नसतो, कारण आपल्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर आराखड्यात काय लिहिले आहे हे आपण कधी पाहिलेलेच नसते. घर घेताना सातबारा पाहतो, एनए पाहतो, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट पाहतो. शाळेचे आरक्षण कुठे आहे आणि ते कधीपर्यंत टिकणार, हे विचारणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे.

याउलट, कॉलनीच्या ओपन स्पेसवर काय होते ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आधी एक मूर्ती, मग ओटा, मग पत्र्याचे शेड, मग आमदार निधीतून सभामंडप, मग खासदार निधीतून पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वार. मी देवळाच्या विरोधात नाही. आणि खुल्या जागेवर हायस्कूल बांधा असेही म्हणत नाही. खुली जागा मुलांना खेळायला खुलीच राहावी. मला फक्त एवढे दाखवायचे आहे की ज्या कॉलनीत सभामंडपासाठी वर्गणी निघते, मंजुरी मिळते, भूमिपूजनाला पुढारी येतो, नारळ फुटतो, तिथे सर्वांनी ठरवले तर गोष्टी होतात. एका खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून वर्गखोल्या बांधता येतात. बांधल्याही जातात कधीकधी. पण वर्गखोली मागायला जाणारे शिष्टमंडळ क्वचित दिसते, सभामंडप मागणारे रोज. पुढारी मागणीप्रमाणे पुरवठा करतो. इथे त्याला शिव्या देऊन आपण सुटू शकत नाही.

आणि जमीन कमी पडली तर वर कसे जायचे तेही आपल्याला माहीत आहे. जळगावात नगरपालिका होती तेव्हाच तिने सतरा मजल्यांचे कार्यालय बांधले. खानदेशात 'सतरा मजली' म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. गोलाणी मार्केट बांधले, फुले मार्केट बांधले, गाळे पाडले, गाळ्यांच्या भाड्यावरून वर्षानुवर्षे भांडलो. कार्यालय हवेच, बाजारही हवा. पण चार मजली हायस्कूलला जागा मिळत नाही असे सतरा मजल्यांच्या खिडकीतून सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्याने निदान वर तरी पाहावे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन नावाची एक काउंटी आहे, वॉशिंग्टनला लागून. आकाराने अगदी लहान, जमीन सोन्याच्या भावाची, आणि लोकवस्ती वाढलेली. तिथे काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला: हायस्कूलच्या आणखी १३०० जागा कुठे काढायच्या? वाद झाले, पालक भांडले, आपल्या घराजवळ नको म्हणणारेही निघाले, तेही आपल्यासारखेच. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने एक निर्णय असा केला की शिक्षण खात्याचे स्वतःचे मुख्य कार्यालय ज्या इमारतीत होते ती शेजारच्या हायस्कूलला जोडून द्यायची आणि तिथे पाच-सहाशे मुलांचे वर्ग करायचे. साहेब लोकांनी टेबलखुर्च्या उचलून दुसरीकडे भाड्याच्या जागेत नेल्या. अमेरिकेचे मला फार कौतुक नाही, आणि त्यांच्याकडचा पैसाही आपल्याकडे नाही. पण कार्यालय हलवायला मनाचा जो मोठेपणा लागतो तो पैशांनी येत नाही. आपल्याकडे उलटे दृश्य ओळखीचे आहे: शाळेची बरी खोली मोकळी दिसली की तिथे कुठल्यातरी विभागाचे दप्तर येऊन पडते, आणि एकदा पडले की हलत नाही.

मोकळ्या खोल्यांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. जुन्या गावठाणातल्या महापालिकेच्या प्राथमिक शाळा एकेकाळी भरून वाहत. आता त्यांतली मुले इंग्रजी माध्यमाकडे गेली, वस्तीच बाहेर सरकली, आणि खोल्या कुलपात आहेत किंवा अर्ध्या वापरात. खेड्यातही तेच. एकीकडे शहराच्या कडेला नववीला जागा नाही आणि दुसरीकडे तालुक्याच्या आतल्या गावांत अनुदानित हायस्कूलचे मास्तर मे महिन्याच्या उन्हात वाड्यावस्त्यांवर मुले गोळा करत हिंडतात. हे चित्र खानदेशात नवे नाही. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर अतिरिक्त ठरतो. म्हणून मास्तर स्वतःच्या खिशातून दप्तर देतो, गणवेश देतो, एसटीचा पास काढून देतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने लहान पटाच्या वर्गांवरची पदे आणखी धोक्यात आली. त्याआधी जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळांना आठवी जोडायची ठरली तेव्हा संस्थांनी आरडाओरडा केला, कारण आठवी गेली की तुकडी गेली. मुलासाठी कुठले बरे, हा प्रश्न त्या वादात फारसा कानावर आला नाही. आणि याच पटाच्या पायी काय काय होत होते ते ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिले: हजेरीपटावर नावे, बाकावर कुणी नाही.

म्हणजे जागा आहेतच, त्या मुलांच्या जवळ नाहीत. मग तुकडी हलवायला काय हरकत आहे? एका संस्थेची आतल्या गावातली ओस पडत चाललेली तुकडी, शिक्षकांसह, शहराच्या नव्या वस्तीत मोकळ्या पालिका शाळेत का नेऊ नये? अडचण नियमांची आहे, त्याहून जास्त मनाची. त्या वस्तीत दुसऱ्या संस्थेचा डोळा असतो. संस्था म्हणजे एक गट, एक पॅनेल, पुढच्या निवडणुकीचे कार्यालय. आमच्याकडे शिक्षण संस्थेची निवडणूक विधानसभेच्या तोडीची होते, हे अतिशयोक्ती करून सांगायची गरजच नाही. ज्या पूर्वजांनी दारोदार वर्गणी मागून शाळा उभ्या केल्या त्यांच्या तसबिरींना हार घालून आपण त्याच शाळांच्या तुकड्यांवर हद्दीच्या रेघा मारत बसलो आहोत. संस्थाचालकांना हे कटू वाटेल. वाटू द्या. ज्यांच्या मैदानाच्या कडेने दुकानांचे गाळे आहेत आणि ज्यांच्या नववीच्या वर्गात खिडकीत मुले बसतात, त्यांनी एकदा गाळ्यांचे भाडे कुठे जाते आणि वर्ग का वाढत नाही, याचा हिशोब पालकांपुढे ठेवावा. गाळे नसावेत असे नाही. वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नसेल तर संस्थेने वीजबिल कुठून भरायचे? पण हिशोब ठेवावा.

यावर सुशिक्षित माणसे दोन आक्षेप घेतात. एक, नव्या वस्त्यांत इंग्रजी शाळा आहेतच की. आहेत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर त्या भराभर वाढल्या आणि ज्याला परवडते तो आपल्या मुलाला तिथे घालतो, त्याला दोष नाही. पण जिनिंगमध्ये हमाली करणारा, केळीच्या वखारीत गाडी भरणारा, अवधानच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा माणूस फी कुठून आणणार? शिक्षणहक्कातल्या २५ टक्के जागांवर त्याचे मूल त्या शाळेत शिकत असेल, तर तोही हक्क आठवीला संपतो. नववीच्या जूनमध्ये त्याच्या हातात पूर्ण फीचा कागद पडतो. आठ वर्षे इंग्रजीत शिकलेले मूल मग कुठल्या शाळेत टाकायचे, यावर घरात जो तमाशा होतो तो कुठल्याही अहवालात येत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलींचे तर विचारूच नका. मोहल्ल्यात प्राथमिक शाळा असते, हायस्कूल दुसऱ्या टोकाला, आणि तेवढे अंतर पुरते.

दुसरा आक्षेप पैशाचा. नवी तुकडी म्हणजे नवे पगार. सरकारने २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारून हा प्रश्न सोडवल्याचा आव आणला. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला. पुढे अनुदानाचे टप्पे ठरले, टप्प्यांसाठी शिक्षक आझाद मैदानात बसले. इतकी वर्षे बिनपगारी मास्तरांच्या जिवावर नववी-दहावी चालली, त्याला बचत म्हणतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात मुद्दा हाच होता: सारा भरतो रयत आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. तेव्हा भांडण प्राथमिक शाळेसाठी होते. रयतेचे पोर आता प्राथमिक शाळेत पोचले आहे, सव्वाशे वर्षांच्या खटपटीनंतर. भांडण एक पायरी वर सरकले, एवढाच फरक. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी दिली, महाराष्ट्राने १९८५-८६ पासून मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले. फी माफ करणारे राज्य शाळा मात्र जवळ आणत नाही. मोफत पण दहा किलोमीटरवर, ही सवलत कुणाला मिळते?

एसटी आहे की, असे उत्तर मिळते. आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास फुकट, मानव विकासच्या निळ्या गाड्यांचा तर गरीब तालुक्यांना मोठा आधार. त्या गाड्या सुरू करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण गाडीवर उभी असलेली शाळा गाडी थांबली की थांबते. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. संपाबद्दल कर्मचाऱ्यांना बोल लावायचा नाही, त्यांचेही पोट होते. साक्री, शिंदखेडा, बोदवड, पारोळ्याच्या आतल्या गावांतल्या मुली त्या सहा महिन्यांत काळीपिवळीत कोंबून गेल्या किंवा घरी बसल्या. घरी बसलेल्या सगळ्याच परतल्या नाहीत. संध्याकाळची गाडी चुकली की मुक्कामी गाडीपर्यंत स्टँडवर थांबणारी मुलगी, आणि घरी वाट पाहणारी आई. या दोघींच्या मनात काय चाललेले असते ते शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचे?

सातपुड्याच्या पायथ्याशी गोष्ट आणखी वेगळी आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या पाड्यांवर पावरा, भिल्ल, तडवी मुलांना आश्रमशाळा हाच रस्ता. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या अमळनेरचे उत्तर आजही लागू आहे: वसतिगृह. पाडे विरळ आहेत, दर पाड्यावर हायस्कूल होणार नाही. पण मग वसतिगृहात अधीक्षक राहणारा हवा, पाणी हवे, मुलींच्या न्हाणीघराला कडी हवी.

शहराच्या कडेला करायच्या गोष्टी मात्र अवघड नाहीत. मोकळ्या प्राथमिक शाळांच्या इमारतींत दोन सत्रांत हायस्कूल भरवता येते. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असे ठरले. त्यामुळे लहानांना पहाटे उठवून मोठ्यांना दुपारची जागा देण्याचा जुना मार्ग बंद झाला, ते बरेच झाले. पण नववी-दहावीची मुले सकाळी सातला येऊ शकतात, शाळा वस्तीतलीच असेल तर मुलीही येऊ शकतात. प्रयोगशाळेला एक खोली कायमची वेगळी काढावी लागेल, शिपाई दोन्ही सत्रांना लागेल, मुख्याध्यापकांचे आपसात पटावे लागेल. यातले शेवटचे सर्वांत कठीण.

अंदाज बांधायचीही गरज नाही. २०३० मध्ये नववीत बसणारे मूल आज कुठल्यातरी प्राथमिक शाळेच्या पटावर नावानिशी आहे. शाळांची माहिती दर वर्षी यूडायसमध्ये भरली जाते, आधारसकट. शिरगणतीची वाट पाहायला नको. वॉर्डनिहाय आणि गावनिहाय सातवीतल्या मुलांचा आकडा एका रकान्यात, तीन किलोमीटरच्या आत अनुदानित नववीच्या किती जागा ते दुसऱ्यात, आणि मधे महामार्ग, रूळ किंवा नदी आहे का ते तिसऱ्यात. एवढा तक्ता दोन्ही जिल्ह्यांचे माध्यमिक विभाग करू शकतात. त्याच्याशेजारी विकास आराखड्यातल्या शाळेच्या आरक्षणांची यादी ठेवायची, प्रत्येकाची दहा वर्षे कधी भरतात त्या तारखेसह.

पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते तेव्हा रस्ते, रोहित्रे, तीर्थक्षेत्रे यांवर सदस्य तावातावाने बोलतात. या वर्षी जळगाव आणि धुळ्याच्या बैठकीत कुणीतरी हा तक्ता मागावा. सदस्य मागणार नसतील तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी मागावा, ग्रामसभेने ठराव करून पाठवावा, कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. अर्जात सभामंडप मंजूर करणाऱ्या त्याच पुढाऱ्याचे नाव प्रत म्हणून घालायला विसरू नये.